गुरुवारचं पाणी

अरुण सोनवलकरांनी फलटणकडच्या कालव्यावर एकतीस वर्षं पाटकरी म्हणून काढली. किती पाणीचोर पकडले, त्याला गणती नाही. रडणाऱ्याचाही पंचनामा केला. आता ते अमेरिकेत, युटा राज्यातल्या एका गावात लेकीकडे, रुपालीकडे, राहत होते. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी दीडशे वर्षांपूर्वी वसवलेली एक शेतवाडी त्या गावानं तशीच जपली आहे. दगडी घर, ओंडक्यांचं कोठार आणि त्या काळचा पाट. सोनवलकर तिथे बिनपगारी राबत. पाटाचं पाणी अजूनही वार ठरवूनच मिळतं. वाडीला मंगळवारी, शेजारच्या लोरेनबाईंच्या मळ्याला गुरुवारी.

वाडीतलं बीट सोनवलकरांनी स्वतः लावलं होतं. जुलैतल्या एका मंगळवारी ते रुपालीबरोबर सहलीला गेले आणि पाणी चुकलं. गुरुवारी बिटानं माना टाकल्या.

दुपारी लोरेनबाई जेवायला घरी गेल्या. सोनवलकरांनी पाटाचं पाणी अडवणारी वाडीकडची फळी चार बोटं उचलली, खाली दगड सारला, वर गवत पसरलं. ही युक्ती त्यांना फलटणच्या चोरांनीच शिकवली होती.

शनिवारी रुपाली त्यांना न्यायला आली, तेव्हा ऐंशीच्या लोरेनबाई फावडं घेऊन आपल्या पाटात उभ्या होत्या. पाणी कमी आलं म्हणजे पाट कुठेतरी फुटला, असं धरून त्यांनी दोन दिवस गाळ उपसला होता. साठ पावलं. सोनवलकरांनी चालून मोजली. तळ एकसारखा, काठ सरळ. काम चोख होतं.

"ब्रदर अरुण, तुम्हाला पाटातलं कळतं," त्या मॉर्मन रिवाजानं हाक देत म्हणाल्या. "गळती कुठे आहे तेवढं बघा."

रुपालीनं ते मराठीत सांगितलं.

"त्यांना सांग, गळती नाही. पाणी मी चोरलं."

"बाबा, काहीतरीच काय! मिस्टेक झाली म्हणते मी."

"मिस्टेक नाही. चोरी. तसंच सांग."

रुपालीनं खाली बघत सांगितलं. लोरेनबाईंनी फावडं गवताला पुसलं आणि घरी गेल्या.

उरलेला गाळ सोनवलकरांनी एकट्यानं काढला. सोमवारी संध्याकाळी संपला.

गुरुवारी लोरेनबाई घडीची खुर्ची घेऊन आल्या आणि वाडीच्या फळीसमोर बसल्या. त्या फळीवर आजवर राखण लागली नव्हती.

"गुड मॉर्निंग, ब्रदर अरुण," त्या नेहमीसारख्याच म्हणाल्या.

ऊन डोक्यावर आलं, जेवायची वेळ टळली, तरी त्या उठल्या नाहीत. सोनवलकर त्यांच्याकडे पाठ करून वाफ्यात बसले. बीट तरारलं होतं.