हवेच्या पुढचं

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणारे काका कधी एका जागी थांबत नाहीत. सकाळी मी स्कूटर काढायला खाली आले, की दुधाची पिशवी झुलवत ते समोर येतात आणि इंग्रजीत जाहीर करतात, "इट इज व्हेरी कोल्ड टुडे!"

"अहो काका, मे महिना आहे. घाम फुटलाय."

"इथलं कोण बोलतंय? मेलबर्नचं सांगतोय."

त्यांचा मुलगा तिकडे कॉम्प्युटरच्या नोकरीवर आहे. नातीला मराठी येत नाही, म्हणून रविवारच्या फोनसाठी ही तयारी. मला गंमत वाटायची. याच काकांना पूर्वी कोणी "उकडतंय हो" म्हटलं, तर "मग, उन्हाळ्यात काय बर्फ पडणार?" असं उत्तर मिळायचं.

गेल्या सोमवारी मात्र ते पार्किंगमध्ये नुसते उभे होते. पिशवी हलत नव्हती.

"झालं का बोलणं?" मी विचारलं.

"झालं. कोल्ड म्हणालो, रेन म्हणालो. ती म्हणाली, 'येस आजोबा.' मग दोघंही गप्प." ते जवळ आले. "तू तर रोज ऑफिसातून परदेशी लोकांशी बोलतेस. हवेनंतर काय बोलायचं असतं गं?"

हवेची दोन वाक्यं झाली, की मी थेट कामावर येते. इतकी वर्षं झाली, पुढचं कधी बोललेच नाही.

"विचार करून सांगते," म्हणत मी स्कूटर सुरू केली.

तेव्हापासून काका दूध आणायच्या आत मी घराबाहेर पडते.