यंत्राला शिकवलेलं खोटं

चढाईत पडलेल्या मुलीसमोर प्रशिक्षक सर तीन बोटं धरायचे. "किती हायत?" ती म्हणायची, "तीन." "ऊठ, खेळ." झालं डोक्याचं निदान. मानवत गावच्या कबड्डीच्या मैदानावर वर्षानुवर्षं हेच चाललं होतं, आणि बोटं कायम तीनच असत.

मी संघाचा फिजिओथेरपिस्ट. डोळ्यांपुढे आभासी दृश्यं उभी करणारा व्हीआरचा चष्मा घेऊन पहिल्यांदा गेलो, तेव्हा सरांनी तो आधी हुंगून पाहिला. धडधाकट असताना मुलीची नजर आणि तोल यात नोंदवून ठेवायचा, डोक्याला मार बसला की पुन्हा तपासून फरक बघायचा, असं मी समजावलं.

"म्हंजे पोरीला बसवायचं का खेळवायचं, हे डबडं ठरवणार?"

"मदत करणार, सर."

"लय मदत करणारे बघितले आमी."

अशी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. मेथी फुकट मिळाली तरी जुडी सोडून पाहणारी. मीही काही कमी नाही. मुलींच्या नोंदी झाल्या आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. मैदानावर वाऱ्यासारख्या पळणाऱ्या मुली चष्म्यातल्या चाचणीत म्हशींसारख्या रेंगाळत होत्या. सर म्हणाले, "नवीन हाय, सवय न्हाई पोरींना." मला पटलं नाही, तरी मी गप्प बसलो. ते माझं चुकलंच.

जिल्हा निवडीच्या शेवटच्या सामन्यात आमच्या सगळ्यात चांगल्या चढाईपटूच्या कानशिलावर गुडघा बसला. सरांनी मूठ पुढे केली. बोटं उघडायच्या आत ती म्हणाली, "तीन."

सर जागीच थांबले. मी तिला चष्मा लावला. आकडे जुन्या नोंदीशी जुळले. यंत्राच्या मते ती ठीक होती. "सर, खेळू द्या ना," ती विनवत होती. जिंकलो तर तिची निवड पक्की होती.

सरांनी मला बाजूला ओढलं. "डॉक्टर, ते डबडं खोटं बोलायलंय. नोंदी घेताना आमीच पोरींना सांगितलं होतं, आत्ता मुद्दाम हळू करा, म्हंजे मार लागला तरी फरक दिसायचा न्हाई."

मग त्यांनी तिला हाताला धरून बाहेर नेलं. ती रडत राहिली. आम्ही हरलो. दवाखान्यात मेंदूला मार बसल्याचं निघालं आणि महिनाभर विश्रांती सांगितली. सरांनी आपली चूक संघ चालवणाऱ्या संस्थेत जाऊन स्वतः सांगितली आणि काम सोडलं.

या मोसमात नव्या नोंदी घेतल्या. मुलींनी जीव ओतून केल्या. नव्या प्रशिक्षकांनी कागदावर सही केली आणि ते फोनवर बोलत निघून गेले. चष्म्यात काय दिसतं, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. खोटं शिकवणारे सर मला त्यांच्यापेक्षा भरवशाचे वाटले.