काकांच्या फाकांना कंपनीची हरकत

आमच्या काकांना जिवंतपणी गप्प करणं सरपंचालाही जमलं नाही. ते गेल्यावर एका कंपनीने करून दाखवलं, आणि त्या कामी तिला मदत केली ती मी.

शिमग्यात होळीभोवती फाका घालायचा मान काकांचा. फाक म्हणजे एकाने खणखणीत आवाजात गावातल्या कुणाची तरी खोड काढायची, शिवीसकट, आणि बाकीच्यांनी बोंब ठोकायची. ज्याच्यावर फाक पडली त्याने रागवायचं नाही. उलट ज्याचं नाव आलं नाही तोच दुसऱ्या दिवशी तोंड पाडून ओटीवर यायचा. "आमचं काय चुकलं?" काका त्याला चहा पाजून पुढच्या वर्षीचं वचन द्यायचे.

त्यांच्या शेवटच्या शिमग्यात मी ते सगळं फोनवर घेतलं, अकरा मिनिटं. हौसेने इंटरनेटवर चढवलं, आणि आता ते कायमचं सुरक्षित झालं अशा समजुतीने फोनमधून पुसलं. फोन भरला होता, सुप्रभाताच्या फुलांनी. ती फुलं मी ठेवली.

काका गेल्यापासून काकू अधूनमधून म्हणायची, "लाव रे जरा त्यांना." यंदा शिमग्याच्या आठ दिवस आधी लावायला गेलो, तर तिथे नुसता करडा चौकोन. खाली कारण: आक्षेपार्ह भाषा, व्यक्तींचा छळ. मी दाद मागायचं बटण दाबलं. चार मिनिटांत उत्तर आलं, तपासून पाहिलं, निर्णय कायम. अकरा मिनिटांचा व्हिडिओ चार मिनिटांत तपासून झाला होता.

दुपारी आम्ही ओटीवर सुपारी सोलत बसलो होतो. वादळातून वाचलेल्या पोफळींची सुपारी, आता दोन टोपल्यांत मावते. पूर्वी सोलायला दहा माणसं असायची आणि दहा जणांची अकरा मतं. आता काकू, मी आणि पनवेलला कॉलेजात शिकणारी माझी मुलगी.

"बाबा, त्यांची जागा, त्यांचे नियम," मुलगी म्हणाली. "तुम्ही न वाचता 'मान्य' दाबून मोकळे होता."

"अगं, पण छळ कुणाचा? ज्याच्यावर फाक होती तो शेजारी उभा राहून हसतोय."

"ते मशीनला काय कळणार? माझ्या मैत्रिणीच्या फोटोखाली लोक काय काय लिहीत होते, ते काढायला आम्हीच तक्रार केली होती. ते पण राहू द्यायचं का?"

मी सोललेली सुपारी टोपलीत टाकली आणि म्हणालो, "काढा, पण काढणारा माणूस तरी असावा. ज्याच्या दारात जाऊन भांडता येईल असा."

"हे बरोबर आहे," ती म्हणाली. मुलगी माझ्याशी सहमत होण्याचा प्रसंग इतका दुर्मिळ, की मी बड्या कंपन्यांच्या सत्तेवर लांबलचक भाषण ठोकलं.

"झालं असंल तर टोपली पुढं घे," काकू म्हणाली. "त्यांचा आवाज परत येनार हाय का, तेवढं सांग."

"नाही, काकू."

"मग होळीला काय?"

"काय म्हणणार? फाका कुणाला पाठ आहेत?"

काकूने मान वर केली नाही. हातातली सुपारी सोलता सोलता तिने पहिली फाक म्हटली, भाजीवालीशी बोलावं तशा आवाजात, शिवीसकट. मग दुसरी. जिच्या तोंडून आयुष्यात 'मेल्या'च्या पुढचा शब्द ऐकला नाही, ती काकू. मुलीचे हात थांबले.

"दर वर्षी आदल्या दिवशी माझ्याम्होरं घोकायचे," काकू म्हणाली. "चुकलं की मी सांगायची."

मुलीने फोन उचलला.

"ठेव तो. तोंडानं शीक."

तिने ठेवला. आम्ही दोघं काकूच्या मागून म्हणू लागलो. मुलीला पटापट येत होतं. मी तिसऱ्याच फाकेत सरपंचाची खोड पोस्टमनला लावली आणि बोलणी खाल्ली. पाचव्या फाकेच्या मध्येच काकू थांबली. मला वाटलं, विसरली.

"हितं ते हसायचे," ती म्हणाली.

तेवढा वेळ आम्ही तिघंही थांबलो.