कानापर्यंत न पोचलेला हात

भरतीला माझा धाकटा भाऊ गेला होता. मी नुसता सोबतीला होतो, आणि भरती झालो मीच. ही हकिगत मी पलटणीत हसत हसत कितीदा तरी सांगितली. तिच्यातला एक तुकडा मात्र दर वेळी गिळला. तो आता सांगतो.

आमची बौद्धवाडी पोलादपूरच्या वर डोंगरात. जन्मतारीख कुणाचीच कुठे लिहिलेली नसे. पोराला शाळेत नेलं की गुरुजी म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं झालं. मग गुरुजी हिशेबाने साल लिहायचे आणि तारीख सगळ्यांना एकच द्यायचे, एक जून. अर्धी वाडी एकाच दिवशी जन्मलेली.

बाबांनी आम्हां दोघांना एकाच दिवशी नेलं. मी नऊचा, अंगाने बारका. म्हशींमागे फिरण्यात माझी शाळा राहून गेली होती. भाऊ सहाचा आणि लांब हातांचा. त्याने कान झटक्यात पकडला. मला शाळा नकोच होती, म्हणून मी बोटं आत मुडपली आणि म्हणालो, "पोचत नाय." वाटलं, घरी पाठवतील. पण गुरुजींना पटावर पोरं हवी होती.

"हा थोरला हाय, गुरुजी," बाबा म्हणाले.

"थोरला असेल. हात काय सांगतो ते मी लिहिणार."

मला त्यांनी सहाचा लिहिला, आणि भावाचा हात माझ्यापेक्षा पुढे पोचला म्हणून त्याला सातचा. बाबांना वाचता येत नव्हतं. विषय तिथेच संपला.

पुढे भावाने फौजेचा ध्यास घेतला. रोज पहाटे घाटाची चढण पळायचा. मी पोलादपूरला भातगिरणीत पोती उचलायचो. महाडला भरती लागली तेव्हा तो एकवीसचा होता आणि मी चोवीसचा. सकाळी चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी पिऊन आम्ही मैदानावर गेलो. आईने दोघांचे शाळेचे दाखले एकाच पत्र्याच्या पुंगळीत ठेवले होते. हवालदाराने दोन्ही बाहेर काढले.

"हा बावीसचा. एकविसाच्या वर घेत नाही आम्ही. आणि हा दुसरा कोण?"

"माझा थोरला भाऊ," भाऊ म्हणाला.

"धाकटा बावीसचा आणि थोरला एकवीसचा? तुमच्याकडे बारशी उलटी करतात काय रे?"

सगळी रांग हसली. भाऊही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. मग त्याने माझ्या पाठीत थाप मारली. "दादा, आलोच हाय तर तू तरी पळ."

तेव्हा बोटं मीच मुडपली होती, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. बोललो असतो तरी कागद बदलला नसता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्याला खरं कळलं असतं. मी बोललो नाही. अनवाणी पळालो आणि चौथा आलो. मैदानाच्या कडेने भाऊ माझ्या बरोबरीने ओरडत पळत होता.

पाच वर्षांनी मी छत्रीधारी पलटणीसाठी नाव दिलं. तिथे आधी तीन महिने माणसाला पिळून बघतात आणि निम्म्याहून जास्त घरी पाठवतात. सोबतचे सगळे वीस-एकवीसचे. कागदावर मी सव्वीसचा, गुडघ्यांना माहीत होतं एकोणतीस. पोरं मला चाचा म्हणायची. कवायत घेणारे उस्ताद रोज विचारायचे, "चाचा, पेन्शन लाऊं?" पण पाठीवर ओझं दिलं की मला गिरणीतलं पोतं आठवायचं, आणि चढ आला की पोरं मागे पडायची. विमानातून पाच उड्या झाल्या आणि मला छत्रीधाऱ्यांची तांबडी टोपी मिळाली.

रजेवर घरी येताना ती टोपी मी ट्रंकेत तळाशी ठेवायचो. भाऊ फौजेतलं काहीच विचारायचा नाही. मीही सांगायचो नाही. आम्ही भाताबद्दल बोलायचो, म्हशींबद्दल बोलायचो.

पंधरा वर्षांची नोकरी करून मी परतलो तेव्हा भाऊ कारखान्यात लागला होता आणि बिरवाडीला खोली घेऊन राहत होता. एका रविवारी गेलो तर तो सुपात सुकट घेऊन निवडत बसलेला. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. मुडपलेली बोटंसुद्धा.

त्याने सुपातला कचरा वेचून बाजूला टाकला. मग आत हाक मारली. "अगो, ऐकलंस का? हा माणूस शाळा चुकवायला नवाचा सहाचा झाला."

"मग चुकली का?" आतून त्याची बायको.

"कसली चुकते? चौथीत दोनदा बसला."

आत ती हसत होती. भाऊ मान वर न करता म्हणाला, "पंधरा वर्षं तुला इचारवलं नाय, दादा. जीव जळायचा. आता सांग. इमानाचं दार उघडल्यावर काय होतं?"

मी खाली बसलो आणि सांगू लागलो. वारा कानात कसा घुसतो, पाय दारात कसे चिकटले, मागचा पोरगा "चाचा, चलो" म्हणून कसा ढोसत होता. आणि पहिल्या उडीला मी डोळे गच्च मिटले होते, तेही.

"मिटलेस? मी उघडे ठेवले असते."

"ठेवले असतेस," मी म्हणालो. खरंच ठेवले असते त्याने.

त्याने सूप बाजूला सारलं आणि भिंतीला टेकून पाय पसरले. "बरं, दुसरी उडी सांग."