खाण्यासाठी ठेवलेली ओळ

लिनक्सवर चाललं म्हणजे जगात सगळीकडे चालेल, असं समजणाऱ्या प्रोग्रामरांची मला कीव येते आणि ती मी लपवत नाही. युनिक्स नावाच्या संगणकप्रणालीच्या घराण्यात लिनक्स धरून पाच-सहा भावंडं, प्रत्येकाच्या सवयी निराळ्या. ह्या लोकांनी घर एकच पाहिलेलं. त्यांचा एक टेक्स्ट एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्राम, उरलेल्या भावंडांवर चालता करायचं काम मी जालन्यात बसून हौसेनं करतो, आणि करताना त्यांना मनसोक्त नावं ठेवतो.

त्याच तोऱ्यात मी वडिलांच्या जुन्या लॅपटॉपवर एक अशी प्रणाली टाकली, जिचं नाव सांगितलं तर लोक ‘काय म्हणालात?’ विचारतील. तिच्यावर मीच चालता केलेला तो एडिटर. वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहतात पिंपळगाव रेणुकाईला. गावातल्या वावरांची नावं ते लिहून काढत होते: भुताचं, चिंचेचं, सासूचं. एका वावराला एक पान, आणि शेवटच्या ओळीत ती हकिकत सांगणाऱ्याचं नाव. सांगणारे बहुतेक आता हयात नाहीत.

पान झालं की ते शुद्धलेखन तपासायची कळ दाबत. महिन्याभरात त्यांचा फोन आला.

“अरे, मी पान तपासून राह्यलो, अन् शेवटची ओळ गायब होऊन राह्यली.”

“अण्णा, तुमच्याच हातानं पुसली असंल.”

“न्हाई रे. बराबर लिहिली व्हती.”

“मंग परत लिहा,” म्हणालो आणि फोन ठेवला. जन्मभर पोरांच्या चुका काढलेल्या माणसाला स्वतःची चूक दिसत नाही, असं बायकोला हसत हसत सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

वर्षभरानं कुणा परदेशी माणसानं हीच तक्रार इंग्रजीत लिहिली. तेव्हा मात्र मी ताबडतोब कोड उघडला. हे लिहितानाही लाज वाटते.

दोष साधा होता. शुद्धलेखन तपासायला एडिटर एक वेगळी प्रोसेस, म्हणजे घडीभरचा मदतनीस प्रोग्राम, जन्माला घालतो. ती पान वाचते, दुरुस्त ओळी एका नळीतून परत पाठवते आणि मरते. ती मेल्याची खबर आली की एडिटर नळी बंद करत होता. लिनक्सवर तोवर सगळ्या ओळी पोचलेल्या असायच्या. ह्या प्रणालीवर खबर आधी यायची आणि शेवटची ओळ नळीतच राहायची. नळी रिकामी होईपर्यंत ऐकायचं आणि मगच बंद करायची, एवढंच हवं होतं. हा भाग मी लिहिलेला, त्यामुळे दुसऱ्या कुणाला गाढव म्हणायची सोय नव्हती.

दुरुस्ती घेऊन पिंपळगावला गेलो आणि गुपचूप बसवली. वडिलांनी हातातलं पान पूर्ण केलं, कळ दाबली. सगळ्या ओळी परत आल्या. सांगणाऱ्याच्या नावाखाली आणखी एक ओळ होती: ‘पोरगं हुशार आहे, पण ऐकून घेत नाही.’

वडील ओशाळले. “ही राह्यली कशी? ही तुझ्या मशीनची व्हती. एक ओळ ती खातीच, मंग म्हणलं, आपणच एक फालतूची देऊ. ताटाबाहेर घास ठेवतो तशी. कोण वाचणार, म्हणून मनात येईल ते लिहायचो.”

“आणि हे सुचायच्या आधीची पानं?”

“त्यातली काही नावं आठवली, ती लिहिली. बाकीची गेली.”

ती फालतूची ओळ मी पुन्हा वाचली. ते म्हणाले, “हिला आता पुसू का?”

“राहू द्या, अण्णा.”

त्यांनी चष्मा सारखा केला. त्या ओळीखाली, सांगणाऱ्याच्या जागी, सावकाश स्वतःचं नाव लिहिलं. मग कळ दाबून पाहिली. नाव राहिलं.