रतन पाष्टे, दिंडी दरवाजा

काशीराम घाडीचा चेहरा टीव्हीवर कुणी कधी पाहिला नाही. दिसायचा तो फक्त त्याचा उजवा हात, मनगटापासून पुढे. करंगळीचं वरचं पेर नसलेला हात. ते पेर चौऱ्याहत्तर साली कुर्ल्याच्या कापडगिरणीत साच्यात, म्हणजे मागात, गेलं.

मी त्याचा शेजारी. घाटकोपरला भटवाडीत आमची चाळ होती. तो सात नंबरच्या खोलीत, मी आठमध्ये. आता तिथे बावीस मजली इमारत आहे आणि आम्ही दोघे पंधराव्या मजल्यावर समोरासमोर राहतो. मी शाळेत कारकून होतो. जन्मभर दुसऱ्यांनी सांगितलेलं लिहिलं, स्वतःहून असं काही लिहायची सवय नाही. मागेपुढे झालं तर सांभाळून घ्यावं.

काशीरामचं अक्षर फार सुंदर. चाळीत जिन्याखाली एक काळा फळा होता. ‘उद्या नळाला पाणी येणार नाही’ एवढंच त्यावर लिहायचं असलं, तरी लोक बादल्या खाली ठेवून दोन मिनिटं बघत उभे राहायचे. मोडी लिपीही त्याला येत होती. कणकवलीकडच्या त्याच्या गावी देवळाचे जुने कागद मोडीत होते आणि आजोबांनी त्याला लहानपणी ते गिरवायला बसवलं होतं. मुंबईत त्या मोडीचा काही उपयोग नव्हता. साच्यावर कापड विणताना मोडी कुणाला हवी?

साच्यांच्या खात्यात मी एकदाच गेलो होतो. काय तो आवाज! शेजारच्याने नावाने हाक मारली तरी ऐकू यायची नाही. म्हणून तिथे प्रत्येकाला नावाऐवजी एक खूण होती. काशीरामला बोलवायचं तर करंगळी वाकडी करायची. त्याच्या शेजारच्या साच्यावर आमच्याच चाळीतला रतन पाष्टे होता. त्याला बोलवायचं तर कानाची पाळी धरायची. आठ तास बिननावाचे काढून ही माणसं बाहेर आली, की एकमेकांना उगाचच पूर्ण नावाने, मोठ्याने हाका मारत चाळीपर्यंत यायची. ‘ए रतन पाष्टेऽऽ’ ही हाक कानावर आली की माझी आई चहाचं आधण ठेवायची.

गिरणी बंद पडल्यावर काशीरामने कुठे वॉचमनकी केली, कुठे दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग सत्तरी उलटल्यावर हे टीव्हीचं निघालं. त्याचा नातू सर्वेश मरोळला एका ऐतिहासिक मालिकेच्या सेटवर रंगकाम करायचा. जुना कारखाना होता, त्यात प्लायवूडचा गड उभा केला होता. मालिकेत पत्रं, फर्मानं सारखी लागायची. ती मोडीत लिहिणारा कुणी मिळेना, तेव्हा सर्वेशने आजोबांना नेलं.

त्या मालिकेत रोज सकाळी गडावर हजेरी व्हायची. हवालदार एकेक नाव पुकारायचा, मावळा ‘जी’ म्हणायचा आणि कारकून बोरूने कागदावर खूण करायचा. कारकुनाचं काम करणारा नट पाठमोरा बसायचा. जवळून दाखवायचा हात मात्र काशीरामचा.

पहिल्या दिवशी त्याला सांगण्यात आलं, “काका, चाळीस नावं लिहा. काहीही लिहा, वाचतंय कोण?”

काशीरामला काहीही लिहिता येईना. त्याने आपल्या खात्यातली माणसं लिहिली, साच्यांच्या ओळीने. बाराव्या ओळीवर लिहिलं, ‘रतन पाष्टे, दिंडी दरवाजा.’ मोठ्या दरवाजातच जो लहान दरवाजा असतो, त्यावरचा पहारेकरी.

पण वाचणारी एक होती. श्रुतिका नावाची मुलगी मालिका लिहायची आणि तिने मोडीचा वर्ग केला होता. तोपर्यंत तिच्या कागदांवर ‘मावळा एक’, ‘मावळा दोन’ असंच असायचं. तिला ही नावं आवडली. महिन्याभरात काशीरामचं सगळं खातं टीव्हीवर बोलायला लागलं. त्यातला रतन तर लोकांचा लाडका झाला. थोडा आळशी, तोंडाने फटकळ, पण दरवाजा सोडून हलायचा नाही.

एक दिवस मुलुंडहून प्रेमावहिनींचा फोन आला. रतनची बायको.

“बाळभावजी, सात वाजताची मालिका बघता का हो?”

“बघतो की.”

“त्यात ह्यांचं नाव घेतात. आडनावासकट. मी लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, ते तेवढंच. आता तो टीव्ही रोज घेतो. आमच्या सिद्धेशला सांगून ठेवलंय, सात वाजता मला कुणी फोन करायचा नाही.”

मी काशीरामला हे सांगितलं. गॅलरीत जाऊन त्याने सुकलेले कपडे काढले, मग ते परत वाळत घातले.

आता ब्याऐंशीच्या गिरणी संपाबद्दल सांगायला हवं. संपाचा आठवा महिना होता. चाळीत भांडीसुद्धा विकली गेली होती. रतनच्या मुलाला, सिद्धेशला टायफॉईड झाला. सहा वर्षांचं पोर, अंगावर नुसती कातडी राहिली होती. एका पहाटे रतन गुपचूप गिरणीत कामावर गेला. संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांना कळलं. चाळीतली माणसं जिन्याखाली जमली. कुणीतरी म्हणालं, नाव लिहा फळ्यावर. अक्षर काशीरामचं, म्हणून खडू त्याच्या हातात दिला. त्याने नेहमीसारखं वळणदार लिहिलं, ‘रतन पाष्टे, फितूर.’

खडूचा डबा माझ्या हातात होता. काशीराम, फळ्याला हात लावू नकोस, असं मला म्हणता आलं असतं.

ते कुणी पुसलं नाही. पंधरा दिवसांनी सिद्धेश बरा होऊन खाली खेळायला आला. नुकताच वाचायला शिकला होता. फळ्यासमोर उभा राहून ओरडला, “आई, बाबांचं नाव! केवढं मोठं लिहिलंय!” मग जरा वेळाने विचारलं, “फितूर म्हणजे काय गं?”

वहिनींनी त्याला उचलून वर नेलं. त्या महिन्यात पाष्टे मुलुंडला निघून गेले. रतन शहाण्णव साली वारला. काशीराम स्मशानापर्यंत आला होता, पण बाहेर पानाच्या टपरीपाशी उभा राहून परत गेला. तो त्या घराची पायरी कधी चढला नाही.

मालिकेचे साठेक भाग झाले असतील. एका सकाळी काशीराम माझ्याकडे आला, चप्पल न काढता दारातच उभा राहिला.

“बाळा, माझ्याबरोबर चल. माका एकट्याक बोलूक जमाचा नाय.”

मेट्रोत त्याने सांगितलं. मालिकेत गडाला वेढा पडणार होता. आतला एक जण फुटणार आणि दरवाजा उघडणार. त्याने शत्रूला लिहिलेलं पत्र काशीरामला लिहायला दिलं होतं. खाली नाव घालायचं होतं, रतन पाष्टे.

“बोरू दौतीत बुडवलो आणि तसोच ठेवलो,” तो म्हणाला.

श्रुतिका एका पत्र्याच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली होती. आम्हाला बघून उठली.

“काका, पत्र कुठाय? उद्या शूट आहे. वाट लागेल माझी.”

“हे नाव मी लिहिणार नाही.”

“का? मग दुसऱ्याकडून लिहून घेऊ का?”

“घ्या. पण त्याचं नाव असं खराब करू नका. मी एकदा केलंय ते. खडूने, जिन्याखाली.”

मग त्याने तिला सगळं सांगितलं. धड क्रमाने नाही. मध्येच साच्याचा आवाज सांगे, मध्येच सिद्धेशचा ताप. श्रुतिकाने लॅपटॉप मिटला. सांगून झाल्यावर ती म्हणाली, “काका, मला कळतंय. पण चॅनलला धक्का हवाय. लोकांना रतन आवडतो, म्हणून तो फुटला तर धक्का. नवीन कुणी आणून फोडला तर कोण विचारतंय?”

“रोज दिसतो, आणि कुणाला संशय येणार नाही, असा एक आहे ना.”

“कोण?”

काशीरामने उजवा हात टेबलावर ठेवला. पंजा पसरून.

श्रुतिका त्या हाताकडे बघत राहिली. “कारकून?”

“कुठल्या दरवाजावर कोण, परवलीचा शब्द काय, सगळं त्याच्याच कागदावर असतं.”

“बाप रे! पहिल्या भागापासून लोक तो हात बघतायत...” ती उभीच राहिली. “पण काका, त्याला नावच नाहीये हो. आपण दिलंच नाही.”

“आहे. काशीराम घाडी.”

“वेडे आहात का? तुमची नातवंडं बघतात. बिल्डिंगमध्ये चिडवतील तुम्हाला.”

“चिडवूदेत.”

मीही काहीतरी बोलावं असं वाटत होतं. खडूच्या डब्याचं तरी सांगावं. नाही सांगितलं. श्रुतिका फोन घेऊन बाहेर गेली आणि अर्ध्या तासाने आली. “चालेल म्हणाले. पण आजच्या आज लिहून द्या.” काशीराम तिथेच खाली मांडी घालून बसला आणि त्याने पत्र लिहिलं. खाली स्वतःचं नाव घातलं. त्या नावावर त्याने जरा जास्त वेळ घेतला, एवढंच.

तो भाग गुरुवारी लागणार होता. मी वहिनींना फोन करून चुकवू नका म्हटलं. त्या म्हणाल्या, “मग इथेच या ना बघायला. त्यांनाही घेऊन या.”

“कुणाला?”

“कुणाला काय? घाडीभावजींना.”

मुलुंडला दार सिद्धेशने उघडलं. आता त्याचेही केस पांढरे झालेत. काशीराम उंबऱ्याबाहेर घुटमळला तशी आतून वहिनी म्हणाल्या, “या लवकर, लागेल आता.”

आम्ही चौघे बघत बसलो. टीव्हीवर हात आला. बोरू दौतीत बुडला, कागदावर चालू लागला. या वेळी मात्र कॅमेरा हातावर थांबला नाही, पुढच्याच क्षणी आजवर पाठमोऱ्या बसलेल्या नटाचा चेहरा दिसला. पुढे दिंडी दरवाजावर रतन एकटा लढला आणि तिथेच पडला. हवालदाराच्या हाती पत्र लागलं. त्याने खालचं नाव मोठ्याने वाचलं, “काशीराम घाडी!”

“आयला, काका, तुम्ही?” सिद्धेशला हसू फुटलं. मग त्याने आईकडे बघितलं.

जाहिराती लागल्या. वहिनींनी टीव्हीचा आवाज बंद केला.

“ते बोट मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं,” त्या म्हणाल्या.

काशीरामने हात मांडीखाली सरकवला.

“मग इतके दिवस काही बोलला नाहीत?” मी विचारलं.

“बघत होते,” त्या म्हणाल्या, “या वेळी काय लिहितात ते.”

काशीरामने खिशातून एक घडी केलेला कागद काढून वहिनींपुढे धरला. चाळीस नावांचा हजेरीपट होता. श्रुतिकाकडून मागून घेतला होता.

वहिनींनी चष्मा लावून तो उलटसुलट पाहिला. “मला कुठे येतंय हे वाचायला? तुम्हीच वाचा.”

तो वाचू लागला. पहिलं नाव, दुसरं, तिसरं. आवाज खाली, शाळेतल्या घाबरलेल्या पोरासारखा. काही नावांवर वहिनी मान हलवत होत्या, एकदोघांवर हसल्या. बाराव्या ओळीशी तो थांबला.

“वाचा की,” वहिनी म्हणाल्या.

काशीरामने कागद खाली ठेवला. आणि गिरणीतून घरी येताना हाक मारायचा तसं, शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, ते नाव घेतलं.