बगळ्याचा डिस्चार्ज

पनवेलच्या मासळी बाजारात गुणाबाईच्या तोंडी कुणी लागत नाही. वाट्यावर एक मांदेली जास्त मागितली, तर ती गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. एका बगळ्याला मात्र ही कोळीण रोज अख्खी मांदेली द्यायची, तीही फुकट. कोयतीची मूठ पाटावर टकटक वाजवली की तो शेडच्या पत्र्यावरून खाली यायचा. डाव्या पायाचं एक बोट तुटलेलं, त्यामुळे शंभरातही ओळखू यायचा. पाटाच्या त्या कोपऱ्याकडे ती मांजरांना फिरकू देत नसे.

संक्रांतीत मांजाने त्याचा पंख चिरला. पक्षी वाचवणारी माणसं आली, तेव्हा गुणाबाईनेच त्याला त्यांच्या खोक्यात ठेवला. पुढे कळलं, तो मुंबईला राणीच्या बागेत आहे. तिच्या लेखी तो दवाखान्यात होता, आणि बरा झाला की घरी आणायचा होता.

"आई, तो आपल्याला कोन देनार नाय," सून रोशनीने सांगून पाहिलं.

"कसा देनार नाय? माजा हाय तो."

झाकणाची टोपली आणि डब्यात ताजी मांदेली घेऊन दोघी निघाल्या. फाटकावर रखवालदाराने डबा उघडला आणि नाक दाबलं. डबा तिथंच ठेवून घेतला. रिकाम्या हाताने कुणाला भेटायला जायची गुणाबाईला सवय नव्हती. ती धुसफुसतच पक्ष्यांच्या उंच जाळीघरात शिरली. रंगीत पोपटांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

तळ्यापलीकडे बगळे होते. त्यातला तुटक्या बोटाचा तिला लगेच दिसला. चांगला अंगाने भरला होता.

"तो उडू शकत नाही आता, मावशी," खाणं ठेवायला आलेला कर्मचारी म्हणाला. "पण खातो व्यवस्थित."

"माज्याकडं उडंल," गुणाबाई म्हणाली, आणि तिने हातातल्या बांगड्या कठड्यावर टकटक वाजवल्या.

बगळ्याने मान वर केली. पुढ्यातले मासे सोडून तो निघाला. उडायला गेला, पण एकच पंख उघडला. मग चालतच पाण्यात उतरला. दुसरा पंख पाण्यातून ओढत तो तिच्याकडे यायला लागला.

"आई, वळखलंन त्यानं. वाजवा ना अजून," रोशनी म्हणाली.

गुणाबाईला बाजारातली मांजरं आठवली; त्यांच्यापासून उडून जाणं आता त्याला जमणार नव्हतं. तिने दुसऱ्या हाताने बांगड्या घट्ट दाबून धरल्या. बगळा आवाजाची वाट पाहत पाण्यात थोडा वेळ थांबला आणि परत माशांकडे गेला. तिला फार वाईट वाटलं. टोपलीचं झाकण लावून ती म्हणाली, "चल गो. गाडी चुकंल."

दुसऱ्या दिवशी बाजारात पाटाच्या कोपऱ्यावर मांजर येऊन बसलं. गुणाबाईने त्याला हाकललं नाही.